आधी हकीकत, मग रक्त

ॲलर्जीच्या तपासण्यांवर हल्ली जिकडेतिकडे वाद चालतो आणि तो ऐकताना दोन्ही बाजूंची कीव येते. एक बाजू म्हणते, एकदा रक्त द्या, दोनशे पदार्थांचं पॅनेल करून घ्या, काय सोसतं नि काय नाही त्याचा निकाल लागून जाईल. दुसरी म्हणते, हा सगळा लॅबवाल्यांचा धंदा. आमच्या आज्या गोठ्यातलं शेण काढत ऐंशी वर्षं जगल्या, त्यांना कुठे होत्या ॲलर्ज्या? मग पहिला दुसऱ्याला अडाणी ठरवतो आणि दुसरा पहिल्याला भोळसट. ज्याला पहाटे उठल्या उठल्या शिंकांची सर लागते किंवा जिच्या अंगावर रोज रात्री गांधी उठतात, त्या माणसाच्या हाती या भांडणातून काहीच पडत नाही.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. चाचणी खरी की खोटी, हा प्रश्नच फसवा आहे. चाचणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. आपल्याकडे मात्र प्रश्न न विचारताच उत्तरं विकली जातात. ॲलर्जीचं निदान रुग्णाच्या हकीकतीतून होतं. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, याआधी कितीदा झालं, त्या वेळी घरात रंगकाम चालू होतं का, पाऊस नुकता उघडला होता का. या हकीकतीतून संशय तयार होतो आणि तो पक्का करायला किंवा खोडायला चाचणी लागते. हकीकत न ऐकता केलेलं मोठं पॅनेल रुग्णाला बहुतेकदा अधिक गोंधळात टाकतं. आणि यातला एक प्रकार, आयजीजी नावाच्या रक्तातल्या प्रतिपिंडावर (अँटीबॉडीवर) बेतलेली तथाकथित ‘फूड इन्टॉलरन्स’ चाचणी, सरकारने बंदच करायला हवी.

असा एखादा रिपोर्ट समोर घेऊन पाहा. डावीकडे नावं: गहू, तांदूळ, तूरडाळ, हरभरा, शेंगदाणा, वांगं, केळं, गाईचं दूध, अंड्याचा पांढरा भाग, कोलंबी, मग धूळ, झुरळ, बुरशी, गाजरगवत. प्रत्येकापुढे एक आकडा, त्यापुढे शून्य ते सहा यांपैकी एक वर्ग आणि शेवटी हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. आकडा आहे आयजीई नावाच्या प्रतिपिंडाचा, ०.३५ च्या वर गेला की परंपरेने ‘पॉझिटिव्ह’. घरात मात्र आकडा कोणी वाचत नाही, रंग वाचतात. लाल ते बंद, पिवळं ते शक्यतो बंद. संध्याकाळपर्यंत फ्रिजवर यादी चिकटते आणि दुसऱ्या दिवशी पोराच्या डब्यात नुसता भात जातो.

आयजीई सापडला याचा अर्थ इतकाच, की शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे. तो खाल्ल्यावर त्रास होईलच असं त्यातून ठरत नाही. बेंगळुरू-मैसूर भागातल्या प्रौढांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. युरोप्रिव्हॉल या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा तो भाग होता. २४ पदार्थ घेऊन रक्त तपासलं तेव्हा २६.५ टक्के लोकांत कशा ना कशाविरुद्ध आयजीई सापडला. त्याच लोकांची लक्षणं त्याच पदार्थांशी ताडून पाहिली, तेव्हा अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता उरली १.२ टक्क्यांत. म्हणजे रक्त ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या साधारण बाविसांपैकी एकाला. पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून मोडता घालायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. पण मोडलेला संसार पाहून मग पत्रिकेत मंगळ शोधणं निराळं, आणि चाललेला संसार मंगळ सापडला म्हणून मोडणं निराळं. आपल्या पॅनेलसंस्कृतीत हा दुसरा प्रकार सर्रास चालतो.

कोलंबीचंच घ्या. माइट्स या धुळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांमध्ये, झुरळात आणि कोलंबी-खेकड्यात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि ते एकमेकांशी बरंच मिळतंजुळतं असतं. कोकणच्या दमट हवेत माइट्सना काय तोटा? तेव्हा माइट्समुळे शिंकणाऱ्या मालवणी माणसाच्या रक्तात कोलंबीपुढे लाल रंग दिसू शकतो, आणि तो माणूस गेली चाळीस वर्षं आठवड्यातून दोनदा कोलंबीचं कालवण ओरपत आलेला असतो. त्याला कोलंबी सोडायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि त्याच्या नाकाचा त्यात काडीचा फायदा नाही. परागकणांची ॲलर्जी असलेल्यांचंही तसंच. वनस्पतींच्या प्रथिनांना चिकटलेल्या काही शर्करासाखळ्यांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, की गहू, शेंगदाणा, टोमॅटो, बटाटा अशी अर्धी मंडई एकदम पॉझिटिव्ह येते. एखाद्याला एकाच वेळी तीस भाज्यांची ॲलर्जी निघाली असेल, तर संशय भाज्यांवर घ्यायचा की चाचणीवर?

उलट बाजूही आहे. बांगडा खाऊन तासाभरात तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, अंगाला खाज. लोक म्हणतात, मासा बाधला. लॅब म्हणते, माशाचं पॅनेल करा. पॅनेल कोरं येतं. कारण बर्फाविना पडून राहिलेल्या बांगड्यात किंवा कुपा माशात जिवाणू हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं तेच रसायन, तयार करतात, ते शिजवून जात नाही, आणि त्यामुळे होणारा त्रास हुबेहूब ॲलर्जीसारखा दिसतो. ही विषबाधा आहे. ती ओळखायला यंत्र लागत नाही, एक प्रश्न लागतो: त्याच पातेल्यातलं खाल्लेल्या बाकीच्यांना काय झालं? घरातल्या तिघांचे चेहरे लाल झाले असतील, तर त्या दिवशीचा मासा शिळा होता. एकट्यालाच झालं, आणि मागच्या वेळी दुसरीकडे ताजा मासा खाऊनही झालं होतं, तर आता रक्ताची किंवा त्वचेची चाचणी करण्यात अर्थ आहे.

आता आयजीजीकडे. यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण शास्त्रात याबद्दल वाद नाही. आपण जे नेमाने खातो त्याविरुद्ध आयजीजी तयार होणं हा निरोगी शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे. त्यातला आयजीजी-४ तर पदार्थ शरीराला मानवल्याची खूण मानला जातो. ॲलर्जीवरच्या इंजेक्शनांचा कोर्स घेणाऱ्या रुग्णात तो वाढतो. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये, अमेरिकेतल्या संघटनेने २०१० मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अन्नाची ॲलर्जी किंवा असहिष्णुता ठरवायला ही चाचणी वापरू नये. तरीही ‘वजन का कमी होत नाही’, ‘पोट का फुगतं’ अशा मथळ्यांखाली ती विकली जाते आणि यादीत हमखास येतात गहू, दूध आणि तूर. महाराष्ट्रात रोज हेच खाल्लं जातं, दुसरं काय येणार?

सरकारने चाचणीवर बंदी घालावी म्हटलं की काहींना ते टोकाचं वाटतं. पण आपण हे एकदा केलेलं आहे. क्षयरोगासाठी रक्तातली प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचण्या आपल्याकडे खासगी लॅबमध्ये वर्षानुवर्षं धडाक्याने चालत होत्या. ज्याला क्षय नाही त्याला त्या क्षयरोगी ठरवत आणि ज्याला आहे त्याला सोडून देत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नका असं बजावलं आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या उत्पादनावर, आयातीवर, विक्रीवर आणि वापरावर बंदी आणली. तेव्हाही ‘रुग्णाला माहिती मिळवण्याचा हक्क आहे’ हा युक्तिवाद करता आला असताच. चुकीची माहिती मिळवण्याचा हक्क हा कसला हक्क? टायफॉइडसाठीच्या विडाल चाचणीचं उदाहरण तर याहून जवळचं. १८९६ सालची ती चाचणी आजही तालुक्याच्या गावी तापाच्या प्रत्येक रुग्णावर केली जाते, जुन्या संसर्गाच्या किंवा लसीच्या खुणांमुळे ‘टायफॉइड निघतो’ आणि डेंग्यूचा रुग्णसुद्धा प्रतिजैविकांचा कोर्स करून येतो. प्रतिपिंड सापडणं आणि आजार असणं यांतला फरक आपण एकदा विसरलो त्याची किंमत अजून मोजतोय.

पॅनेलच्या बाजूने बोलणाऱ्यांचे दोन मुद्दे मात्र खरोखर वजनदार आहेत. पहिला मुद्दा वेळेचा आणि माणसांचा. ॲलर्जीची हकीकत नीट घ्यायची तर अर्धा तास सहज जातो. ज्या डॉक्टरांच्या दारात सकाळपासून ऐंशी नंबर लागलेत त्यांनी तो कुठून आणायचा? ॲलर्जीचं रीतसर शिक्षण घेतलेले डॉक्टर मुंबई-पुण्यात सापडतील, वाशीममध्ये आणि नंदुरबारमध्ये काय? तिथे रक्ताची नळी कुरियरने जाते आणि दोन दिवसांत रिपोर्ट मोबाइलवर येतो. रुग्णासाठी तेवढीच काय ती सोय. हे सगळं मला मान्य आहे. पण जिथे तज्ज्ञ नाही, तिथे रिपोर्टचा अर्थ लावणाराही नाही. रंग वाचणारे नातेवाईक तेवढे आहेत. हकीकतीला ना कुरियर लागत ना यंत्र. महिनाभर वहीत लिहून ठेवलं, काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, कोणतं औषध घेतल्यावर गेला, तर ऐंशी नंबरवाल्या डॉक्टरांनाही पाच मिनिटांत दिशा मिळते. अंगावर गांधी उठल्यावर मोबाइलवर काढलेला फोटो दोनशे आकड्यांपेक्षा जास्त सांगतो, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत गांधी बसलेल्या असतात.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. ‘रिपोर्टप्रमाणे खाणं बंद केलं आणि मला बरं वाटलं’, असं सांगणारी माणसं भेटतात आणि ती खोटं बोलत नाहीत. मैदा, बेकरी, तळण, बाहेरचं चायनीज बंद झालं तर कोणाला बरं वाटणार नाही? त्यासाठी रक्त काढायची गरज नव्हती. शिवाय गांधी, पोटाच्या तक्रारी, नाक गळणं ही दुखणी मुळात चढउताराची. सगळ्यात वाईट आठवड्यात माणूस लॅब गाठतो आणि पुढचा आठवडा तसाही बरा जाणार असतो. मोठ्या माणसाने चार पदार्थ सोडले तर बिघडलं काय, असं म्हणून हे सोडूनही देता आलं असतं. पण मुलांच्या बाबतीत बिघडतं. दूध, अंडी, गहू, शेंगदाणा एकदम बंद झालेल्या मुलाचं वजन अडतं, हे सरळ नुकसान. याहून वाईट असलेलं दुसरं नुकसान तर दिसतही नाही. इसब असलेलं एखादं मूल जो पदार्थ बिनबोभाट खात होतं, तो केवळ रक्तातल्या आकड्यामुळे वर्षभर बंद ठेवला आणि मग पुन्हा दिला, तर त्याला खरीखुरी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. नसलेली ॲलर्जी पथ्यानेच पैदा होते.

याच चुकीने अख्ख्या देशांना फसवलं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली सल्ला दिला, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नका. ब्रिटनमध्येही १९९८ पासून असाच सल्ला होता. हेतू चांगला, तर्कही बिनतोड वाटणारा. तरी शेंगदाण्याची ॲलर्जी वाढतच गेली. दरम्यान लंडनमधल्या एका चमूच्या लक्षात आलं, की इस्राएलमध्ये बाळं रांगायला लागतात तोच शेंगदाण्याची कुरकुरीत खाऊची पाकिटं खातात आणि तिथल्या मुलांमध्ये ही ॲलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांच्या मानाने एकदशांश आहे. मग त्यांनी इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. अर्ध्यांना लहानपणापासून शेंगदाणा नेमाने दिला, अर्ध्यांना दिला नाही. पाचव्या वर्षी न खाणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांपैकी ३.२ टक्क्यांना. निष्कर्ष २०१५ साली जाहीर झाले आणि सल्ला उलटा फिरला. शेंगदाण्याचं कूट आमटी-भाजीत सर्रास घालणाऱ्या घरांना हे वाचून गंमत वाटेल. पण आज त्याच घरांतल्या सुना-लेकी बाळाला सहाव्या महिन्यानंतरही ‘कशाला धोका’ म्हणून अंडं नि दाणे टाळतात. ज्या बाळाला तीव्र इसब आहे त्याच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावं, बाकीच्यांनी सहा महिन्यांनंतर घरचं सगळं मऊ करून द्यावं. अख्खा दाणा मात्र देऊ नये, तो घशात अडकतो.

म्हणजे दुसरी बाजू, ‘हे सगळं थोतांड’ म्हणणारी, बरोबर ठरली का? मुळीच नाही. त्यांच्या म्हणण्यातलं खरं तेवढं उचलू: गुराढोरांत, मातीत, भरल्या घरात वाढलेल्या मुलांना ॲलर्जी कमी होते, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. पण कमी होते म्हणजे होत नाही असं नव्हे. आजीच्या काळी दम्याची माणसं उशाला तीन-तीन उशा लावून रात्र बसून काढत, ती कोण होती? बिब्बा उतून अंगभर फोड येत, ती त्वचेची ॲलर्जीच होती. आणि ॲलर्जी हा बाजाराने काढलेला शब्द असता, तर १९२१ साली जर्मन शास्त्रज्ञ प्राऊसनिट्झ यांनी आपला सहकारी क्यूस्टनर याचं रक्तजल स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं नसतं. क्यूस्टनरला मासा चालत नसे. प्राऊसनिट्झना चालत असे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला तर प्राऊसनिट्झ यांच्या अंगावर तिथेच गांध उठली. रक्तातलं काहीतरी ॲलर्जी वाहून नेतं हे तिथे सिद्ध झालं. ते काहीतरी म्हणजे आयजीई, हे कळायला १९६६-६७ उजाडलं.

थोतांडवाल्यांची गाडी अशीच उपचारांवर येते. ‘औषधाने फक्त दबतं, मुळापासून जात नाही’, ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’. या दोन वाक्यांनी महाराष्ट्रात जितकी फुप्फुसं खराब केली असतील तितकी धुळीने केली नसतील. आजारांच्या जागतिक ओझ्याच्या अभ्यासानुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात. ही तफावत हवेने एकट्याने पडत नाही. श्वासनलिकेची सूज उतरवणारा स्टिरॉइडचा पंप, ज्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, तो लोक घाबरून टाळतात. आणि धाप लागली की गोळीतून, सुईतून त्याच्या कितीतरी पट स्टिरॉइड घेतात. मृगाच्या मुहूर्तावर जिवंत माशाच्या तोंडातून औषध गिळायला हैदराबादला रांग लावणारी माणसं पंपाला ‘सवय लागेल’ म्हणून भितात, हे पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही. नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रेही तसाच. दोन दिवस मारून ‘फरक नाही’ म्हणत फेकून दिला जातो. त्याचा परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे नेमाने मारावा लागतो, आणि तो नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने मारायचा असतो. इतकी साधी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

आणि ज्यांना हे थोतांड वाटतं त्यांनी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे काही मिनिटांत जिवावर बेतणारी ॲलर्जी, पाहिलेला नसतो. रीशे आणि पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुत्र्यांना समुद्रफूल या सागरी प्राण्याचं विष अगदी थोडं दिलं, काही आठवड्यांनी पुन्हा तितकंच थोडं दिलं, आणि पहिल्यांदा धडधाकट राहिलेला कुत्रा काही मिनिटांत मेला. रीशे यांना त्यासाठी १९१३ चं नोबेल मिळालं. माणसातही असंच होतं: गांधी, घसा आवळणं, धाप, उलटी, रक्तदाब कोसळणं. यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. आपल्या कित्येक दवाखान्यांत आधी अविल (खाजेवरचं ॲलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टिरॉइड) टोचतात आणि ॲड्रेनालिनला हात लावायला घाबरतात. अविलने खाज जाते. आवळलेला घसा मोकळा होत नाही. ॲड्रेनालिनची कुपी स्वस्त आहे. स्वतःच टोचून घ्यायचं तयार पेन आपल्या औषधांच्या दुकानांत सहज मिळत नाही, ही खरी लाज आहे आणि यावर कोणी भांडत नाही.

रुग्णाने आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: प्रत्येक ॲलर्जीला तीच चाचणी चालत नाही. नाक, दमा, खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उठणारा त्रास, यांसाठी त्वचेची प्रिक टेस्ट सर्वांत सोयीची. मी ती करून घेतली आहे. हातावर पेनने आकडे घालतात, प्रत्येकाशेजारी अर्काचा थेंब आणि त्यातून एक बारीक टोचणी. रक्त येत नाही. एका टोकाला नुसतं सलाइन, दुसऱ्या टोकाला हिस्टामिन. पंधरा-वीस मिनिटं न खाजवता बसायचं, एवढीच शिक्षा. हिस्टामिनची गांध उठली नाही तर सगळी चाचणी फुकट, कारण रुग्णाने आदल्या दिवशी सर्दीची गोळी घेतलेली असते. म्हणून आधी पाच ते सात दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते. दम्याचा पंप बंद करायचा नसतो. गोळी थांबवणं शक्यच नसेल किंवा अंगभर इसब असेल तेव्हा रक्ताची चाचणी कामाला येते, तीही चार-सहा संशयितांपुरती.

गाजरगवताची त्वचेवरची ॲलर्जी मात्र प्रिक टेस्टमध्ये सापडणार नाही. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर हे तण भारतात शिरलं असं मानतात आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला त्याची नोंद झाली ती पुण्यात. आज शेतकऱ्याच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या घडीत जी काळवंडलेली, जाड, खाजरी कातडी दिसते तिच्यामागे ते असू शकतं. त्यासाठी पॅच टेस्ट लागते: पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवायच्या, आंघोळ करायची नाही, काढल्यावर पाहायचं आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं. टिकलीचा गोंद, खोट्या दागिन्यातलं निकेल, केसांच्या कलपातलं आणि ‘काळ्या मेंदी’तलं पीपीडी हे रसायन, सगळं याच वर्गातलं. यांपैकी कशाचंही उत्तर रक्ताच्या पॅनेलमध्ये नाही.

आणि ज्या दुखण्यासाठी सर्वांत जास्त पॅनेलं विकली जातात, ते दुखणं म्हणजे महिनोन्‌महिने रोज उठणारं अंगावरचं पित्त. सहा आठवड्यांच्या वर चाललेल्या पित्तात बाहेरचा पदार्थ क्वचितच दोषी असतो. बहुतेकदा शरीराची स्वतःचीच यंत्रणा बिथरलेली असते. जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की इथे ॲलर्जीच्या चाचण्या सरसकट करू नका. झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी रोज द्या, गरज पडली तर डॉक्टरांनी तिचा डोस चौपटीपर्यंत वाढवावा, तरी नाही भागलं तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे. आमसुलाचं पाणी चोळून आग शमत असेल तर जरूर चोळावं, त्याचा कोणाला उपद्रव नाही. उपद्रव आहे तो वांगं, टोमॅटो, दही, डाळ सोडत सोडत अर्ध्या ताटावर आलेल्या आणि तरीही रोज रात्री खाजवत बसणाऱ्या बाईला.

औषधांच्या ॲलर्जीबद्दल थोडक्यात. अमेरिकेत दहातला एक रुग्ण आपल्याला पेनिसिलिन चालत नाही असं सांगतो. रीतसर तपासलं की त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांना चालतं. लहानपणी तापात उठलेला पुरळ औषधाच्या माथी मारला जातो आणि फाइलवरचा लाल शेरा जन्मभर महागडी, अधिक जहाल प्रतिजैविकं घ्यायला लावतो. वेदनाशामक गोळ्यांची प्रतिक्रिया रक्ताच्या पॅनेलमध्ये दिसत नाही. तेव्हा गोळीच्या पाकिटाचा फोटो, किती वेळाने काय झालं, एवढं लिहून ठेवणं हेच रुग्णाच्या हातात आहे. ‘गुलाबी गोळी चालत नाही’ यावर कोणता डॉक्टर काय करणार?

लसीचा, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावणाऱ्या इम्युनोथेरपीचा, विषय दोन्ही बाजूंनी विपर्यस्त केला आहे. लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातून गवताच्या परागांची इंजेक्शनं देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. म्हणजे हा उपचार शंभरीच्या पुढचा. ॲलर्जीची चालच बदलू शकणारा तो एकमेव उपचार आहे, त्यामुळे ‘फक्त दाबतात’ म्हणणाऱ्यांनी निदान याची तरी दखल घ्यायची. पण तो कोणाला? ज्याची हकीकत आणि चाचणी एकाच दिशेने बोट दाखवतात त्याला: माइट्स, ठरावीक पराग, मधमाशीचा दंश. कोर्स किमान तीन वर्षांचा. प्रत्येक इंजेक्शननंतर दवाखान्यात अर्धा तास बसायचं. दमा आटोक्यात नसेल तर सुरूच करायचा नाही. पॅनेलमधल्या दहा-बारा लाल नावांचा एका बाटलीत काला करून ‘तुमच्यासाठी खास लस’ म्हणून दिला जातो, तेव्हा विचारावं, की यात प्रत्येकाचा डोस किती उरला? बुरशी आणि झुरळाच्या अर्कातली विकरं (एन्झाइम) परागांच्या अर्कातली प्रथिनं तोडतात, त्याचं काय, हेही विचारावं. उत्तर नीट मिळालं तर पुढे जावं.

राहिला लॅबचा शेवटचा बचाव: ‘आम्ही रिपोर्टच्या तळाशी लिहितोच, निष्कर्ष लक्षणांशी ताडून पाहावेत.’ लिहितात खरं, मुंगीएवढ्या अक्षरांत, पैसे घेतल्यानंतर. ते वाक्य तळातून उचलून फॉर्मच्या माथ्यावर आणायला कायद्याची अडचण नाही. गरोदर बाईची सोनोग्राफी करण्यापूर्वी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालचा फॉर्म एफ कारणासकट भरायचा, हे या राज्यातल्या प्रत्येक केंद्राला बंधनकारक आहे आणि तो अर्धवट भरला तर कारवाई होते. ॲलर्जीच्या पॅनेललाही तसाच कागद लावा: कोणता पदार्थ, किती वेळाने त्रास, कितीदा, कोणती लक्षणं, तपासणी कोणत्या डॉक्टरांनी सांगितली. ज्या पदार्थापुढे रकाना कोरा, त्याची तपासणी करायची नाही आणि तिचे पैसेही घ्यायचे नाहीत.